युनियन चालवायची आहे? मग एजन्सी काढा

उद्या तुमच्यावर दोन-तीन डझन देशांचा कारभार एकत्र हाकायची वेळ आली, तर डगमगू नका. प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रत्येकाचा रुसवा वेगळा, सगळ्यांना सगळं हवं आणि सही मात्र कुणालाच करायची नाही. या दुखण्यावर युरोपियन युनियनकडे रामबाण उपाय आहे. एजन्सी काढायची! १९७५ साली पहिल्या दोन निघाल्या, आज तीसच्या वर आहेत. अन्नाची वेगळी, औषधांची वेगळी, रसायनांची, रेल्वेची, मासेमारीची, बँकांची, झालंच तर पिकांच्या नव्या वाणांचीसुद्धा. मी इथे युरोपात किराणा विकतो, त्यामुळे या कारभाराचा प्रसाद अधूनमधून मिळत असतो. यंदा जरा जास्तच मिळाला. तेव्हा अनुभवी माणसाचं ऐका.

सर्वांत आधी गाव ठरवा. काम काय करायचं ते नंतर बघता येतं. अन्नसुरक्षेची एजन्सी कुठे असावी यावर २००१ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या लाकेनच्या शिखर बैठकीत वाद पेटला. दावा फिनलंडच्या हेलसिंकीचाही होता आणि इटलीच्या पार्माचाही. इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी उखडले. त्यांचा मुद्दा असा, की ज्या फिन लोकांना प्रोशुत्तो म्हणजे काय हे ठाऊक नाही, ते अन्नाची एजन्सी काय चालवणार? प्रोशुत्तो म्हणजे पार्माचं खारवलेलं डुकराचं मांस. एवढा शास्त्रीय युक्तिवाद झाल्यावर कोण बोलणार! दोन वर्षांनी एजन्सी पार्माला मिळाली आणि हेलसिंकीच्या पदरात रसायनांची पडली.

एकमत होत नसेल तर सोडत काढा. ब्रेक्झिटमुळे औषधांची एजन्सी लंडनहून हलवायची होती. २० नोव्हेंबर २०१७ ला मंत्री बसले, मतदानाच्या फेऱ्या झाल्या, शेवटी मिलान आणि ॲम्स्टरडॅम बरोबरीत आले. मग चिठ्ठी काढली. ॲम्स्टरडॅम! त्याच बैठकीत बँकांची एजन्सी पॅरिसला गेली, डब्लिनच्या तोंडचा घास काढून, तीही चिठ्ठीनेच. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा निदान शाळेतल्या पोराला बोलावून चिठ्ठी उचलायला लावतात, टाळ्या होतात, पेपरात फोटो येतो. तेवढी शोभा तुम्हीही ठेवा.

कार्यालयाचा भाडेकरार मधेच मोडायची सोय ठेवू नका. याच औषध एजन्सीचा लंडनचा करार २०३९ पर्यंतचा निघाला. प्रकरण कोर्टात गेलं, २०१९ मध्ये एजन्सी हरली, आणि लंडनमध्ये पोटभाडेकरू ठेवायची वेळ आली.

एजन्सीला विद्वत्ता भरपूर द्या, अधिकार देऊ नका. कुणी विचारलंच तर युरोपीय न्यायालयाच्या १९५८ च्या मेरोनी निकालाकडे बोट दाखवा. युनियनचा पूर्वज असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाच्या काळात भंगार लोखंडावरच्या वसुलीवरून खटला झाला होता. धोरण ठरवण्याचा अधिकार असा बाहेरच्या मंडळांच्या हाती देता येणार नाही, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं. भंगारावरून निघालेल्या या तत्त्वावर आजवर औषधं, विषं आणि विमानं सगळी चालली आहेत. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने वित्तबाजारांच्या एजन्सीच्या खटल्यात ते बरंच सैल केलं. पण त्या निकालाची आठवण कुणाला करून देऊ नका.

संचालक मंडळावर प्रत्येक देशाचा माणूस बसवा. म्हणजे एजन्सीविरुद्ध ओरडणारा देश आणि एजन्सी चालवणारा देश एकच राहतो, शोधाशोध नको.

संचालकाची काळजी करू नका. सीमारक्षणाच्या फ्रोंटेक्सचे फाब्रिस लेजेरी २०२२ मध्ये चौकशीनंतर राजीनामा देऊन गेले आणि २०२४ मध्ये थेट युरोपीय संसदेत निवडून आले.

‘आमच्याकडे अर्ज आलेला नाही’ हे वाक्य छापून ठेवा. पुणेकरांना २०२१ चा जुलै आठवत असेल. कोरोनावरची ऑक्सफर्डचीच लस, युरोपात वॅक्सझेव्हरिया, पुण्यात सीरमच्या कारखान्यात भरली की कोव्हिशील्ड. पुण्याच्या बाटलीसाठी युरोपात अर्जच झालेला नव्हता, त्यामुळे औषध एजन्सीचं म्हणणं कागदावर अगदी चोख होतं. मग ही लस घेतलेल्यांना आत घ्यायचं की नाही? ते ज्या त्या देशाने बघावं! एका देशाने ‘या’ म्हटलं, दुसऱ्याने ‘थांबा’ म्हटलं, आणि विमान कुठे बदलावं यावर व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक ग्रुपांवर परिसंवाद झडले.

तक्रारीसाठी लोकपाल नेमा. त्याच्या शिफारशी मात्र बंधनकारक ठेवू नका.

आणि आता सगळ्यांत मोलाची युक्ती. जोखीम मोजणारा एक ठेवा आणि निर्णय घेणारा दुसरा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! शास्त्रज्ञांनी मोजावं, राजकारण्यांनी ठरवावं. प्रत्यक्षात काय होतं ते ग्लायफोसेट या तणनाशकावरून बघा. जुलै २०२३ मध्ये पार्माच्या एजन्सीने सांगितलं, गंभीर चिंता करावी असं काही आढळलं नाही, काही बाबतींत माहिती अपुरी आहे. देश मतदानाला बसले, दोनदा बसले, हवं तेवढं बहुमत ना बाजूने ना विरोधात. फ्रान्स, जर्मनीसारखे मोठे देश तटस्थ. मग युरोपीय आयोगाने, म्हणजे युनियनचा कारभार हाकणाऱ्या यंत्रणेने, दहा वर्षांची मुदतवाढ देऊन टाकली. मंत्री घरी जाऊन मतदारांना सांगायला मोकळे, की आम्ही कुठे हो म्हटलं? आयोग म्हणणार, शास्त्रज्ञांचा अहवाल आहे. शास्त्रज्ञ म्हणणार, आम्ही फक्त मत दिलं. फवारणी झाली, फवारणारा कुणीच नाही!

हेच तिळाचं. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमला भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. साल्मोनेला हे जंतू मारायला त्याची धुरी देतात, आणि ते कर्करोगाला कारण ठरतं. ब्रेड, बिस्किटं दुकानांतून परत मागवली गेली, आणि ऑक्टोबरपासून भारतीय तिळाच्या निम्म्या मालाची तपासणी सुरू झाली. योग्यच झालं. असले तीळ मलाही गिऱ्हाइकाच्या पदरात घालायचे नाहीत, आणि आपल्या निर्यातदारांनी तेव्हा जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही. पुढे हे तपासणीचं प्रमाण वेळोवेळी बदलत गेलं. ते दर सहा महिन्यांच्या आत तपासून बघावं असा नियमच आहे.

तर यंदा संक्रांतीसाठी मागवलेले माझे तीळ बंदरात अडकले. कुठलं बंदर, कुठलं खातं, नावं घेत नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाची ऑर्डर घेतलेली, वहिनींचे रोज फोन, आणि पोती तिकडे पडून. मी एवढंच विचारलं, की माझाच माल का निवडला, प्रमाण कोण ठरवतं, आणि दाद कुणाकडे मागायची? बंदरातला साहेब म्हणाला, आम्ही अंमलबजावणी करतो, प्रमाण राजधानीतून येतं. राजधानीतलं खातं म्हणालं, आमच्या हातात काही नाही, वर लिहा. वर लिहिलं. वरून उत्तर आलं, की सदस्य देशांच्या समितीत, शास्त्रीय सल्ल्याच्या आधारे, वगैरे वगैरे. मग एका एजन्सीला लिहिलं. इतकं सभ्य उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नसेल. माझ्या आस्थेबद्दल आभार मानले होते, आणि आमचं काम वैज्ञानिक मत देणं आहे, निर्णय आमच्या कक्षेत येत नाही, कृपया आपल्या देशाच्या खात्याशी संपर्क साधावा. म्हणजे परत राजधानी! आणि त्या समितीत कोण बसतं? त्याच खात्याचा माणूस! ज्याने मला वर पाठवलं, त्याचाच सहकारी वर बसून हात वर करतो आणि खाली येऊन सांगतो की आमच्या हातात काही नाही. पत्राखाली सही कुणाची? कुणाचीच नाही. विभागाचं नाव आणि ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’.

तपासणीत तीळ निर्दोष निघाले. तेही संक्रांत झाल्यावर, बंदरातल्या साठवणुकीच्या बिलासकट.

रथसप्तमी उलटली, गोड बोलायचं बंधन संपलं. आता सरळ बोलतो.

भांडण शास्त्रज्ञांशी नाही. ते हवेतच. प्रत्येक देशाने वेगळं विषशास्त्र चालवलं असतं तर माझ्यासारख्या दुकानदाराला एका पोत्यासाठी सत्तावीस दाखले काढावे लागले असते. भांडण तुमच्याशी आहे, मंत्री आणि आयुक्तहो. एजन्सीला उत्तरदायी करणं अशक्य आहे असं सांगू नका, कारण तुम्ही ते करून दाखवलेलं आहे. कोलोनची विमान-सुरक्षा एजन्सी स्वतःच्या सहीने निर्णय घेते. १२ मार्च २०१९ ला तिने बोइंग ७३७ मॅक्सचं उड्डाण युरोपात थांबवलं, अमेरिकेच्या एक दिवस आधी, आणि तेव्हा कुणी तिला कुठल्या समितीकडे पाठवलं नाही. स्पेनमधल्या आलिकांतेच्या एजन्सीकडे ट्रेडमार्क नाकारला गेला तर निर्णय हातात मिळतो, कारणं मिळतात, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हे त्यातच लिहिलेलं असतं. मग अन्नाच्या वेळी कुठे जाते ही अक्कल?

निर्णय तुमचा असेल तर तुमचा म्हणा. मतदानात तटस्थ राहून घरी येऊन ब्रसेल्सच्या, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाच्या, नावाने खडे फोडणं बंद करा, ब्रसेल्समध्ये तुम्हीच बसलेले असता. नाहीतर एजन्सीला अधिकार द्या आणि तिच्याकडून जाब घ्या. पार्माच्या अहवालामागे लपायला तुम्हाला निवडून दिलेलं नाही. पुढच्या वर्षी माझे तीळ पुन्हा अडवा, खुशाल अडवा, दहादा तपासा. पण त्या कागदाखाली एका माणसाचं नाव लिहा, त्याचं पद लिहा, आणि कुणीतरी उचलेल असा फोन नंबर लिहा.