आधी बघायला शिका, लेन्सचं नंतर

सकाळी भाच्याचा फोन. "मामा, नवी लेन्स घ्यायचीये. आमच्या इथे फोटो काढण्यासारखं काही नाहीच." डोकं अजून तापलेलं आहे. त्याच्यावर नाही, त्याच्या डोक्यात हे भरवणाऱ्यांवर. फोटो म्हणजे डोंगर आणि सूर्यास्त, आणि फोटो फसला की दोष काचेचा!

वडील दवाखान्यात होते तेव्हा मी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून असायचो. कॅमेरा घरी. समोर लांब व्हरांडा, टोकाला एक खिडकी, बस. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. उजेडाचा पट्टा दुपारभर फरशीवरून सरकत बाकाकडे यायचा. खिडकीच्या बाजूने माणसं आली की नुसत्या काळ्या आकृत्या. दोघं बरोबर चालत असले तर मधे फट आहे तोवर दोन माणसं, फट मिटली की एकच गठ्ठा. सिस्टर दाराशी थांबल्या की मागचा सलाइनचा स्टँड नेमका त्यांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसे. मी बाकावर वीतभर सरकलो की सुटा.

वीतभर! हे कुठली लेन्स करून देणार? जागेवरून झूम केलंत तर सिस्टरही मोठ्या, स्टँडही मोठा, आणि डोक्यातून निघालेला तो निघालेलाच. पुढच्या-मागच्या गोष्टींचं नातं तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. हे पाय हलवूनच कळतं.

हो, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लागते. लागू दे.

प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेलेला. पुढे शहर जर्मनांच्या ताब्यात, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड. या माणसाने १९४० ते १९५४ आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरचे थेंब, दव, अंगणातलं एक वाकडं झाड. चौदा वर्षं तीच खिडकी! आणि आपल्याला चार दिवसांत आपली गल्ली 'संपते'.

त्या बाकावर मला एक चाळा लागला, तो अजून आहे. एक डोळा मिटून बघायचं. दोन डोळ्यांना खोली कळते, म्हणून स्टँड मागे आहे हे आपल्याला माहीत असतं आणि तो खुपत नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा, तो सगळं एका पातळीवर आणून चिकटवतो. मग डोळे किलकिले करायचे. बारकावे पुसले जातात, काळ्या-पांढऱ्याचे मोठे तुकडे तेवढे उरतात, आणि तोल कुठे झुकलाय ते लगेच कळतं. रूल ऑफ थर्ड्सच्या रेघा, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग पाडणाऱ्या, सुरुवातीला मदत करतात, नाही म्हणत नाही. पण रेघेवर माणूस बसवला आणि त्याच्या डोक्यातून खांब निघाला, तर काय उपयोग?

फोटोच्या कडांचंही तेच. डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते जेमतेम दोन अंशांचं, बाकीचं मेंदू भरून काढतो. म्हणून चेहऱ्याकडे बघताना कोपऱ्यातली अर्धी बादली दिसतच नाही. कडेकडेने नजर फिरवायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

त्या व्हरांड्यात एक बाई रोज संध्याकाळी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून उभ्या राहायच्या. कुठून बघितलं तर त्यांची बाह्याकृती पूर्ण सुटी दिसेल, हे मला नेमकं माहीत होतं. कॅमेरा असता तरी मी तो उचलला नसता. त्यांचं तिथे कोण होतं, मला माहीत नाही. पण माणूस एकटा उभा असला की भोवती किती मोकळी जागा ठेवायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आता कुणाचाही फोटो काढताना ती जागा सोडतो. आणि कुणी "इथे एवढं रिकामं का, क्रॉप कर" म्हणालं, की मी ऐकत नाही.