‘नवीन टाका आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्पीकरमधला बंद पडलेला ट्विटर (उंच, बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग) कसा तपासावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘आवाज येत नाही म्हणजे ट्विटर जळालाच. नवीन टाका आणि मोकळे व्हा. घरबसल्या इंजिनिअर झालेल्यांनी लोकांना मल्टिमीटरचे खेळ शिकवू नयेत.’ शिवाय पिएझो ट्विटर मी विसरलो, आणि डायफ्रॅम (कॉइल चिकटवलेला, थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा) बदलायचा तर दोन्ही स्पीकरचे बदलावेत, असंही तुमचं म्हणणं.

पिएझोचं मान्य. त्यात कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं नसतंच, विजेने थरथरणारी चकती असते. त्यामुळे तो धडधाकट असला तरी मीटर ओपन, म्हणजे वाट तुटलेली, दाखवतो. तशी ओळ लेखात घातली आहे.

पण ‘घरबसल्या इंजिनिअर’ कशावरून? वडील रेडिओ दुरुस्त करायचे. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या टेबलाशी बसून सोल्डरिंग शिकलो आणि पुढे कित्येक वर्षं भाड्याने फिरणारे स्पीकर उघडून दुरुस्त केले. जळालेल्या कॉइलचा वास कसा असतो हे मला कोणी सांगायला नको. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा, पण समोरच्याची लायकी काढून नव्हे. ज्याला काही तपासायचंच नसतं त्याला हे बोलणं फार सोपं जातं.

आता ‘जळालाच’ याबद्दल. ॲम्पमधून निघालेला सिग्नल ट्विटरच्या कॉइलपर्यंत पोचायच्या आधी क्रॉसओव्हरमधून, म्हणजे उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधून, जातो. तिथे ट्विटरच्या वाटेवर निदान एक कपॅसिटर (खालचे स्वर अडवणारा भाग) मालिकेत असतो आणि काही स्पीकरमध्ये संरक्षणासाठी छोटा बल्ब किंवा पीटीसी (तापला की प्रवाह रोखणारा भाग) ही असतो. यातलं काहीही ओपन झालं, एखादा सोल्डर सुटला, तरी ट्विटर गप्प होतो. म्हणून मी लिहिलं होतं की आधी डाव्या-उजव्या स्पीकरचे ट्विटर आपसात बदलून बघा. ‘मेलेला’ ट्विटर दुसऱ्या बॉक्समध्ये वाजला, तर नवीन आणून काय करणार? तोही पहिल्या बॉक्समध्ये गप्पच राहणार.

मग मीटर. बॉक्सच्या मागच्या टर्मिनलवर मोजलंत तर बहुधा वूफरचं (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचं) रीडिंग येईल, म्हणून ट्विटरची निदान एक तार सोडवूनच मोजायचं. ८ ओहमच्या ट्विटरला साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवले, तर कॉइल शाबूत आहे आणि शोध कपॅसिटरकडे वळवायचा. त्याचा एक पाय सोडवून मोजा. ३.३ मायक्रोफॅरड लिहिलेला जुना इलेक्ट्रोलिटिक वाळून एकच मायक्रोफॅरड उरला असेल, तर ३.३ मायक्रोफॅरडचाच, पहिल्याएवढ्या किंवा जास्त व्होल्टचा नॉन-पोलर (उलटसुलट कसाही लावता येणारा) कपॅसिटर लावायचा. काम झालं.

मीटरने ओपन दाखवलं तरी घाई नको. डायफ्रॅम अलगद उचलून भिंगाखाली धरा. कॉइल तांब्याच्या रंगाची लख्ख, कुठे काळा डाग नाही, वास नाही. फक्त कॉइलमधून निघालेली तार जिथे काठावरून वळून टर्मिनलकडे जाते, तिथे केसाएवढी फट. सतत हलून हलून ती तार तिथेच तुटते. टोकावरचं वार्निश हलक्या हाताने खरवडायचं, कथिल चढवायचं, बारीक तारेचा तुकडा जोडून थोडी ढील ठेवायची. सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवायचं, नाहीतर टर्मिनलचं प्लॅस्टिक वितळतं. याला तुम्ही खेळ म्हणता. मी याला दुरुस्ती म्हणतो.

आणि खरोखर जळालेला निघाला, तर का जळाला हे आधी शोधा. बहुतेक वेळा लहान ॲम्प पूर्ण आवाजावर ठेवून क्लिपिंग झालेलं असतं, म्हणजे ॲम्पची ताकद संपून सिग्नलची टोकं कापली गेलेली असतात. त्यामुळे वरच्या पट्टीची ऊर्जा वाढते आणि ती थेट ट्विटरच्या बारीक कॉइलवर येते. कारण तसंच ठेवून तुमच्या सल्ल्याप्रमाणे नवीन टाकला, तर तोही त्याच वाटेने जाणार. मग खर्च दोनदा होतो, आणि दुरुस्ती एकदाही होत नाही.

दोन्ही डायफ्रॅम बदलण्याच्या मुद्द्यात शिरत नाही. लेखाचा तो विषयच नव्हता.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तार सोडवून घेतलेलं रीडिंग सोबत द्या, मग सविस्तर बोलू.