प्रमाणासाठी छत्री

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेल्या रविवारी प्रौढांसाठी निसर्गनोंदींची कार्यशाळा झाली आणि तीत माझ्या वहीची जी अप्रतिष्ठा झाली, तिचा राग अजून पुरता उतरलेला नाही. ‘चित्र सुंदर नसले तरी चालेल, निरीक्षण खरे हवे’ असे बजावून प्रशिक्षिकाबाईंनी आम्हाला पानावर तारीख, वेळ, हवामान आणि त्याखाली ‘मला दिसते’, ‘मला प्रश्न पडतो’, ‘मला आठवते’ असे तीन मथळे लिहायला लावले आणि कान्हेरीच्या वाटेवर सोडून दिले.

पावसाळा सरत आला की तिथे जायंट वुड स्पायडर हा मोठा कोळी हमखास दिसतो. मला त्याची मादी सापडली. काळ्या अंगावर पिवळ्या रेघा, उन्हात सोनेरी चमकणारे जाळे आणि जाळ्याच्या कडेला जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, बायकोच्या नजरेत न येण्याची खबरदारी घेणारा तांबूस नर. मी लांबून पट्टी धरून अंदाजाने मापे टिपत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

“सरकारी सर्व्हे का?”

पांढरे बूट घातलेले आणि लांब दांड्याची काळी छत्री घेतलेले एक काका माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत होते. हे नागरिक विज्ञान आहे, म्हणजे सामान्य लोकांनी नोंदी करून संशोधनाला हातभार लावायचा, असे मी सांगितले.

“म्हणजे पगार नाही.”

“नाही.”

“उलट तुम्हीच फी भरलीत?”

मी पेन्सिलीला टोक करू लागलो. काकांनी माझे पान मोठ्याने वाचायला घेतले. “मला प्रश्न पडतो... मला तर असा प्रश्न पडतो, की रविवारची मासळी तुमच्याकडे कोण आणतं?”

फोटो, तारीख आणि ठिकाण यांसह नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, की ती ‘रिसर्च ग्रेड’ ठरते आणि मग संशोधकांच्या उपयोगी पडू शकते, हे मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे समजावले. “एकमत होईल तेव्हा होईल,” काका म्हणाले, “पण कोळी केवढा आहे ते यात कळत नाही. प्रमाणासाठी शेजारी काहीतरी काढा. ही घ्या छत्री.” छत्रीच्या टोकाने जाळ्याचा वरचा आधाराचा धागा तुटला, अर्धे जाळे लोंबकळू लागले, मादी फांदीआड पळाली आणि नराचे काय झाले ते समजले नाही. मी फोटो आधी काढायला हवा होता, हेही काकांनीच मला सांगितले. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी मोकळ्या जागेत स्वतःच छत्री काढली.

हातभर लांब लेन्स घेतलेला माणूस वाटेत उभा असला, की लोक आवाज खाली आणून, वाकून बाजूने जातात. वही घेतलेला माणूस मात्र सार्वजनिक मालमत्ता असतो. त्याला झाडांची नावे विचारावीत, बिबट्या दिसला का म्हणून छेडावे, त्याच्या शेजारी ब्लूटूथ स्पीकर लावून वेफर्सचे पुडे फोडावेत आणि उरलेले वेफर्स माकडांना घालावेत. शांतता पाळण्याच्या सूचना आम्हा शुल्क भरणाऱ्यांनाच तेवढ्या दिल्या जातात, याचे मला खरोखरच वाईट वाटते.

समारोपाला काका आमच्याबरोबर गोलात बसले आणि पोहेही त्यांनी दोनदा घेतले. बाईंनी माझी वही सर्वांसमोर उघडून धरली, कोळ्यावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “छत्री फार छान टिपली आहे. असे निरीक्षण हवे!” टाळ्या झाल्या. पुढच्या कार्यशाळेला काका पाहुणे मार्गदर्शक म्हणून येणार आहेत. माझ्यासाठी शुल्क तेच आहे.