तात्यांनी बसवलेलं इंजिन

परवा सकाळी सातच्या सुमारास दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. मी बंबात लाकडं सारत होतो, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इंजान बदलणारे तात्या हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

मी म्हटलं, "कुणी बदललं इंजिन?"

"तात्यांनी. ह्या पिकपचं." त्यानं माझ्याच अंगणात उभ्या असलेल्या माझ्याच गाडीकडं बोट केलं. "आमची बी तसलीच हाय. चढाला दम धरत न्हाई." आणि मी तोंड उघडायच्या आत, अगदी आपुलकीनं, "तुमी त्यांच्या हाताखाली असता काय?"

ते 'हाताखाली' अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

गाडीची हकीगत थोडक्यात सांगतो. जीपच्या घराण्यातली १९९४ ची पिकअप, वडिलांनी घेतलेली. तिच्यात प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. तीस वर्षं गूळ, शेणखत, वऱ्हाडं आणि दर भाद्रपदात मंडळाचा गणपती वाहिल्यावर कुणाचीही छाती भरून येईल. गेल्या मे महिन्यात वैभववाडीहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, जांभ्याचे चाळीस चिरे घालून करूळ घाट चढत होतो. पहिला गिअर, रेडिएटर उकळतोय, आणि मागून आलेली एसटी आम्हाला ओलांडून निघून गेली. शेवटच्या खिडकीतून एका म्हातारीनं हात हलवला. मला वाटलं टाटा करतेय. बायको म्हणाली, "टाटा नाही, 'उतरून ढकला' म्हणतायत त्या."

त्या घाटातच ठरलं. भंगारवाल्याकडं २,५२३ सीसीचं एक इंजिन होतं, ट्रॅक्टरच्या जातीचं. साडेतीन इंची बोअर आणि चार इंची स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव. स्ट्रोक लांब असला की इंजिन पळायला मंद, पण खालच्या फेऱ्यांत ओढायला बैल. घाटाला बैलच लागतो. भंगारवाल्यानं बिलावर लिहिलं, 'जुने लोखंडी सामान, २२५ किलो'. गॅरेजवाल्यानं बसवायची मजुरी सांगितली. ती ऐकून मी त्याचा चहासुद्धा अर्धा ठेवून उठलो आणि घरीच बसवायचं जाहीर केलं.

बायकोला म्हटलं, "ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा स्वदेशी कॅमेरा बनवला, तिथं मला एक इंजिन बसवता येणार नाही?"

ती म्हणाली, "त्यांनी तो माझ्या पापडाच्या खाटेवर ठेवून बनवला नव्हता."

तर आता तात्या.

तात्या आमच्या शेजारचे. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या काट्यावर घेतल्या आणि उतरवल्या, त्यामुळं वाहनातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. वाहनातलं त्यांना एकच कळतं : ते किती भरेल. पण ते इतक्या ठामपणे सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटतं आतल्या पिस्टनशी यांचं बोलणं झालंय.

पहिल्या दिवशी मी बॉनेट उतरवून भिंतीला लावलं आणि तात्या गेटातून आत आले. हातात स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्ची घेऊन आलेला माणूस पाच मिनिटांसाठी आलेला नसतो हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"काय करायलायस?"

"इंजिन उतरवतोय, तात्या."

"का?"

"दुसरं घालायचंय. मोठं."

"मग गाडीच का बदलंनास?"

"पैसे नाहीत."

"पैसे न्हाईत तर इंजान तरी का बदलायलायस?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी गप्प राहून रेडिएटरचा पाइप सोडला. पाणी पायावर आलं. तात्यांनी खुर्ची दोन फूट मागं घेतली आणि म्हणाले, "पाच लिटर. म्हंजे पाच किलो गेलं गाडीचं."

मग जुनं इंजिन बघून म्हणाले, "ह्ये किती भरंल?"

"असेल दोनशेच्या आसपास."

"आसपास न्हाई. काट्याला आसपास नसतंय. एकशे अठ्ठ्याण्णव." थोडा विचार करून, "ऑइलसकट."

"आणि नवं?"

"सव्वादोनशे."

मी चमकलो. बिलावर तेवढंच होतं. त्या एका बरोबर आलेल्या आकड्यानं माझा घात केला. गल्लीतली जी दोन-चार पोरं कडेला उभी होती त्यांनी तात्यांकडं जे डोळे करून बघितलं, तिथून पुढं मी संपलो. पुढचे दहा दिवस जाणारा-येणारा प्रत्येक माणूस गेटाशी थांबायचा, आणि मी गाडीखालून उत्तर देईपर्यंत तात्यांनी खुर्चीवरून दिलेलं असायचं. पहिल्या दिवशी ते म्हणत, "ह्यो इंजान काढायलाय." तिसऱ्या दिवशी, "इंजान काढायचं चाललंय." पाचव्या दिवशी मी गिअरबॉक्सखाली उताणा, तोंडावर ऑइल ठिबकतंय, आणि वरून आवाज आला, "आज आमी बेल हाउसिंगला हात घाटलाय."

आमी!

बघणाऱ्यांचंही एक शास्त्र असतं. नुसता बघणारा उभा राहतो. सल्ला देणारा उकिडवा बसतो. पण खुर्चीत बसणाऱ्याला लोक मालक समजतात. आमच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याला कोनशिला आहे, तिच्यावर सहा नावं. त्या सहांपैकी एकानंही तिथं पाटी उचललेली नाही. ते उद्घाटनाला खुर्चीत होते. पाट्या माझ्या चुलत्यांनी उचलल्या, त्यांचं नाव रोजगाराच्या हजेरीपटावरसुद्धा चुकीचं आहे. जाऊ दे, हा विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

चहाचं सांगायचं राहिलं. दिवसाला चार, अकरा दिवस. चव्वेचाळीस कप. माझा कप खाटेवर ठेवलेला असायचा, साय धरून, कारण हात ग्रीसचे. तात्यांचा त्यांच्या हातात. एकदा ते बायकोला म्हणाले, "वैनी, ह्येला बी द्या की. दमलाय पोरगा." माझ्याच घरात माझ्या चहाची शिफारस!

काम मात्र सोपं नव्हतं, आणि हे मी खुर्चीतून सांगत नाहीये. इंजिन उचलायला विहिरीच्या मोटरी काढणाऱ्यांकडून तिपाई आणि चेन ब्लॉक भाड्यानं आणला. नवं इंजिन जागेवर सोडलं तर खालचा ऑइलचा चेंबर पुढच्या अॅक्सलला टेकायला लागला. म्हणून माउंटिंगखाली पट्ट्या घालून वर घेतलं. वर घेतलं तर पंखा रेडिएटरला लागला. रेडिएटर पुढं सरकवला तर जाळी बसेना. जाळी ठोकून बसवली तर एअर क्लिनर बॉनेटच्या वर डोकं काढून बसला. एक उंदीर बिळात घातला की दुसरा बाहेर. तात्या प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचे, "म्या म्हटलंच हुतं." कधी म्हटलं होतं?

आणि बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच. नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळत नाहीत, मधे लोखंडी प्लेट करून घ्यावी लागते. मी दोन्ही बाजूंचे ठसे वर्तमानपत्रावर घेऊन उद्यमनगरात गेलो. लेथवाल्यानं कागद उजेडात धरला.

"पावणं, ह्यो पेपर भिजला हुता काय?"

"नाही. का?"

"भोकं अंड्यावानी आल्यात. क्रँक आनि गिअरचा शाफ्ट एका रेषेत न्हाई आलं तर महिन्यात बेरिंग बोंबलतंय. कागदावर पत्रिका जुळत्या. प्लेट न्हाई."

दुसऱ्या दिवशी हाउसिंगच खांद्यावर घालून नेलं. त्या माणसानं सेंटर धरण्यात दोन तास घालवले, एकदाही खुर्चीत बसला नाही, आणि प्लेट अशी बसली की बोल्ट बोटांनी आत गेले. गावात त्याचंही नाव कुणी घेत नाही. मी परत आलो तेव्हा तात्या प्लेट हातात तोलून बघत होते. "साडेआठ किलो." बास. एवढंच त्यांचं योगदान.

नाही, अजून एक. सातव्या दिवशी माझा सतराचा रिंग पाना गायब झाला. माउंटिंगचे सगळे बोल्ट सतराचे. गाडीखाली, खाटेखाली, तुळशीच्या कुंडीत, सगळीकडं शोधला. पोराला ओरडलो, त्यानं नेलाच नव्हता, तो रडला. तात्यांनी बसल्या जागेवरून शोधमोहिमेचं नेतृत्व केलं. "ततं बग. ततं न्हाई. त्या टायराखाली." दोन तास! शेवटी गावात जाऊन नवा पाना आणला.

अकराव्या दिवशी सगळं जोडून झालं. पाणी, ऑइल, डिझेल, बॅटरी. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय पण धरत नाही. डिझेलच्या लाइनीत हवा. इतके दिवस पाइप उघडे, हवा शिरणारच. हाताच्या पंपानं डिझेल वर ओढलं, मग चारही नोझलचे नट सैल केले. आता कुणीतरी किल्ली फिरवायची, नोझलपाशी बुडबुडे संपून नुसतं डिझेल उडायला लागलं की एकेक नट आवळत जायचं. मी पंच्यात गुंडाळलेला पाना धरून इंजिनावर ओणवा. पोरगा शाळेत. बायको दळण आणायला. अंगणात माझ्याशिवाय एकच माणूस.

अकरा दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना उठायला सांगितलं. तिथंच चुकलं.

"तात्या, जरा सेल्फ मारा."

तात्या उठले. धोतराचा सोगा सावरला, गाडीत चढले, देवाला करतात तसा स्टिअरिंगला नमस्कार केला आणि किल्ली फिरवली. पहिल्या नोझलनं माझ्या डाव्या डोळ्यात डिझेल मारलं. दुसऱ्यानं उजव्या. मी आंधळ्यासारखा नट आवळत गेलो, एक, दोन, तीन, आणि चौथा आवळताना ते इंजिन असं फुटलं की आंब्यावरचे कावळे उडाले. काळा धूर, तिपाई थरथरतेय, खाटेवरचे नट-बोल्ट नाचतायत. आणि त्याच घडीला गल्लीत डेअरीची गाडी, शाळेची व्हॅन, आणि सोसायटीची मीटिंग सुटून आलेले सात-आठ जण, सगळे गेटाशी.

लोकांनी काय बघितलं? धूर निघाला, आणि धुरातून ड्रायव्हरच्या दारानं तात्या उतरले. दोन्ही हात जोडून. मी बॉनेटच्या जागी पालथा, डोळे चोळत, पाण्याची बाटली चाचपतोय.

"तात्या, झालं की चालू!"

"व्हनारच," तात्या म्हणाले. "सव्वादोनशे किलोचं इंजान हाय ते."

आणि खोटं काय बोलले? 'इंजान म्या चालू केलं' हे वाक्य शब्दशः खरं आहे. कोर्टातसुद्धा टिकेल. माझी अकरा दिवसांची रजा, ६८,००० रुपये, कमरेचा पट्टा आणि अंगठ्याचं उडालेलं नख, यातलं काहीच त्या वाक्यात येत नाही.

कागदांपुरता मात्र मीच मालक. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : इंजिन बदलायचं तर परवानगी घ्या, बदललं की चौदा दिवसांत कळवा, आरसी पुस्तकात नवा नंबर चढवा. ते सगळं मी केलं. अर्जांवर सह्या माझ्या, भंगारवाल्याच्या बिलाच्या झेरॉक्स माझ्या, विम्याच्या माणसाला 'लोखंडी सामान' म्हणजे काय हे फोनवर समजावून सांगणं माझं. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासत गाडीखाली मी पडलो होतो तेव्हा तात्या दिसले नाहीत. रांगेत खुर्ची नेता येत नाही ना.

असो. गाडी करूळ चढली. दुसऱ्या गिअरमध्ये, चिरे घालून. एसटी दिसली नाही याचं वाईट वाटलं.

त्या परवाच्या पोराला मी काय सांगितलं? बोट दाखवलं. शेजारचं निळं गेट. आपण तरी काय करणार, बंबातली लाकडं सोडून 'मी केलं, मी केलं' म्हणून मागं धावणार?

काल संध्याकाळी तात्यांनी कुंपणावरून हाक मारली. "सोमवारपास्नं मोकळा हैस न्हवं?"

"का?"

"एक पिकप आल्या. इंजान बदलायचंय. म्या हो म्हणून सांगिटलंय. तुझा चेन ब्लॉक घिऊन ये."

"तो भाड्याचा होता, तात्या."

"मग भाड्यानं आन." त्यांनी खिशात हात घातला. "आनि ह्यो घे, लागंल तुला. खुर्चीचा एक पाय डुगडुगत हुता, खाली लावला हुता."

सतराचा पाना होता.