लांब पातं, कडक पातं आणि आपल्या पोटऱ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाण्यात पोहताना पायात घालायचे फिन (पुढे चपटं पातं असलेले पंखे) कसे निवडावेत यावरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतली आहे, तेव्हा दोन ओळींत आभार मानून सुटत नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. आखूड, मऊ पात्याचे फिन सुचवून मी लोकांच्या गळ्यात ‘पोरखेळाचं सामान’ मारतोय. समुद्रात ओढ असते, तिथे लांब आणि कडक पातंच तारतं. यूट्यूबवरचे जाणते डायव्हर जड रबरी फिन घालतात. आणि मुळात मालवणला तुम्ही फिनशिवाय स्कूबा केलंत, म्हणजे हा खर्चच फुकट.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो अनेकांच्या मनात असतो. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकाला बऱ्याचदा फिन देत नाहीत, हे खरं. पण तिथे तुम्ही पोहत नसता. प्रशिक्षक सिलिंडरला धरून तुम्हाला फिरवून आणतो. पाय कसे मारायचे हे ज्याला ठाऊक नाही, तो फिन घातले की गुडघ्यातून सायकल मारायला लागतो. त्यातल्या चार लाथा प्रवाळाला बसतात आणि एखादी प्रशिक्षकाच्या मास्कला. तेव्हा त्याला फिन न देणं शहाणपणाचंच आहे. पण मागच्या सीटवर बसून गेलो तेव्हा ब्रेक दाबावा लागला नाही, म्हणून गाडीला ब्रेक नकोत असं कोणी म्हणत नाही. तोच माणूस ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या रीतसर शिक्षणाला, आला की त्याला फिन घालायलाच लागतात.

आता ओढीबद्दल. एक नॉटचा प्रवाह म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. तरी पाठीवर सिलिंडर आणि अंगावर जॅकेट असताना त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहणं बहुतेकांना जमत नाही, पायात काहीही असो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट. ती शक्ती लावताना धाप लागते आणि सिलिंडरचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. म्हणून प्रवाहाशी कुस्ती खेळण्यासाठी फिन निवडायचे, ही कल्पनाच मला पटत नाही. भरती-ओहोटीची वेळ पाहून उतरावं, तळालगत ओढ कमी असते तिथून जावं, नाहीतर सरळ प्रवाहाबरोबर वाहत जाऊन बोटीलाच मागून येऊ द्यावं. अनुभवी लोक हेच करतात.

कडक पातं जास्त पाणी ढकलतं, यात वाद नाही. पण ते ढकलायला मांडी लागते. वर्षभर खुर्चीत बसून डिसेंबरात अंदमानला जाणाऱ्याने कडक पातं घेतलं की मांडी लवकर थकते, गुडघे वाकायला लागतात आणि थोड्याच वेळात पोटरीत गोळा येतो. मग तो पाण्यात स्वतःचा अंगठा ओढत बसतो आणि बाकीचा गट त्याच्यासाठी थांबतो. लांब पात्याची खरी जागा फ्रीडायव्हिंगमध्ये आहे. एका श्वासात खाली जाऊन वर यायचं, संथ आणि मोठे फटके मारायचे, तिथे ते अप्रतिम. तेच जवळजवळ हातभर लांबीचं पातं घेऊन पाच-सहा जणांच्या गटात प्रवाळावरून जा, म्हणजे मागच्याला आणि खालच्या प्रवाळाला विचारा काय होतं ते. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्रवाळाची तुटलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं जातात.

जड रबरी फिनबद्दल मात्र जरा जास्त लिहायला हवं, कारण गोंधळ इथे आहे. ही घडण १९६० च्या दशकातली. फ्रान्सच्या जॉर्ज बुशा यांचे जेट फिन १९६४ मध्ये आले, पुढे स्क्युबाप्रो कंपनीने ती घडण जगभर नेली. आखूड, रुंद, कडक पातं. पाणी जायला त्यात खाचा. बेडकासारखे पाय मारायला, जागच्या जागी वळायला, मागे सरकायला यांच्या तोडीचे थोडेच आहेत. पण तुम्ही जे व्हिडिओ पाहता, त्यातले बरेच डायव्हर थंड पाण्यात कोरडा सूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट, घालून उतरतात. त्या सुटात हवा असते, ती पायांकडे गेली की पाय वर तरंगायला लागतात आणि जड रबर त्यांना खाली धरून ठेवतं. आपण २८ अंशांच्या पाण्यात लायक्रा किंवा ३ मिलिमीटरचा सूट घालून जातो. तरंगणारं काही पायात नाही आणि वर रबराचं वजन. मग पाय खाली, डोकं वर, आणि प्रत्येक फटक्याला तळाचा गाळ उसळतो. मालवणचं पाणी आधीच अनेकदा गढूळ असतं, त्यात हे. शिवाय मोठ्या मापाची जोडी अडीच-तीन किलोंच्या घरात जाते आणि देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच सामान मिळतं. ज्याचं पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगणं पक्कं बसलंय, त्याने खुशाल घ्यावेत. पहिली जोडी म्हणून नकोत.

माझ्या लेखात पात्यापेक्षा पायाच्या मापावर जास्त मजकूर होता, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या मते फिन तिथेच ठरतो. बोटीवरून उतरून स्नॉर्केलिंग करायचं असेल तर टाच झाकणारा, अनवाणी घालायचा फिन पुरतो. घालून चवड्यावर उभं राहा; टाच निसटली तर सैल, बोटं आखडली तर घट्ट. दुकानात संध्याकाळी जा, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. आपल्याकडे रुंद पंजे पुष्कळ. लांबीला बरोबर असलेला फिन करंगळीला सोलून काढतो. अंदमानातल्या स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक) नेमो रीफसारख्या ठिकाणी किनाऱ्यावरून चालत आत जायचं असेल, तर पायाखाली दगड, मेलेलं प्रवाळ आणि काटेरी सी अर्चिन असतात. तिथे निओप्रीनचे (मऊ, जाड रबराचे) बूट आणि उघड्या टाचेचा फिनच हवा. टाचेमागचा पट्टा रबरी आणि बकलाचा न घेता स्प्रिंगचा घ्या. कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला गेलात की कळेल का ते : हलत्या बोटीच्या शिडीशी एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने फिन काढायचा असतो. दोर किंवा शिडी हातात आल्याशिवाय मात्र फिन काढू नका. लाटेने बाजूला नेलं तर फिनशिवाय परत येणं फार जड जातं.

खर्चाचं म्हणाल, तर वर्षातून एकदाच पाण्यात उतरणाऱ्याने फिन विकत घेऊच नयेत, भाड्याचे घ्यावेत, हे मी लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. पैसे घालायचेच असतील तर आधी चेहऱ्याला बसणारा मास्क घ्या.

तुम्ही फ्रीडायव्हिंग करता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तसं असेल तर तुमचे लांब फिन कोणत्या पात्याचे आहेत आणि कुठे वापरता, हे जरूर लिहा. त्या विषयावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. तुमची परवानगी असेल तर वेगळी पोस्ट म्हणून लावतो.