किलोवर मिळणारे दागिने

माझा दागिन्यांचा धंदा आहे असं म्हटलं की समोरची बाई आधी माझ्या गळ्याकडे बघते, मग कानांकडे. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यापासून ही नजर फारच बारीक झाली आहे. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत आणि कानांत तुळशीबागेतल्या कुड्या बघून तिला वाटतं, ही एकतर थापा मारतेय किंवा भलतीच मुरलेली आहे. मग मी सांगते, "हलव्याचे दागिने. संक्रांतीचे." चेहऱ्यावरचा आदर तिथल्या तिथे ओसरतो आणि प्रश्न येतो, "मग बाकीचं वर्षभर काय करता?"

बाकीचं वर्षभर मी एका कंपनीत लोकांचे पगार काढते. ते काम मला येतं, त्याचे पैसेही मिळतात, पण "किती सुंदर पगार काढलाय हो!" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. तेवढ्यासाठी हा उद्योग. दिवाळीचा आकाशकंदील उतरला की घरात हलवा शिरतो आणि रथसप्तमीपर्यंत मुक्काम ठोकतो. जेवणाच्या टेबलावर मुकुट वाळत असतात, त्यामुळे माणसं मांडीवर ताट घेऊन जेवतात. नवऱ्याने ह्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. त्याला ताट घेऊन टीव्हीसमोर बसायला कारणच हवं होतं.

हलवा हा प्रकार मुळात चिवट माणसांसाठी आहे. तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा परातीत घ्यायचा आणि मंद आचेवर चमचा-चमचा साखरेचा पाक सोडत बोटांनी फिरवत बसायचं. पुटावर पूट चढत जातं आणि हवा थंड, कोरडी असेल तर काही दिवसांनी दाण्याला काटा येतो. हवा दमट असेल तर दाण्याला येत नाही, करणारीच्या अंगावर येतो. सासूबाई हे सगळं घरी करायच्या. मी तयार हलवा रविवार पेठेतून किलोवर आणते, म्हणून त्यांच्या लेखी मी कलाकार नाहीच. फार तर जुळारी.

जुळारी म्हणा, पण जुळवून दाखवा. दाण्याला भोक पाडायला जावं तर तो फुटतो. दोऱ्याचा फास टाकून एकेक दाणा आवळावा लागतो. काट्यांमुळे दोरा सरकत नाही, एवढी एकच काट्यांची कृपा. सैल राहिला की दाणा गळतो, जास्त आवळला की दोन दाणे होतात. ठुशीला बारीक खसखशीवरचा हलवा लागतो, बोरमाळेला टपोरा, आणि नथीला मधोमध एक लाल दाणा, जो पाव किलो मिसळ हलव्यात नेमका नसतो. एकदा एका मुलीने कोल्हापुरी साज मागितला. साजाला 21 पानं, त्यातली 10 दशावतारांची. हलव्यातून मत्स्य आणि कूर्म बऱ्यापैकी निघतात. वराह तर फारच छान निघतो. पुढचे सगळे अवतार वराहासारखेच निघतात.

पुठ्ठा, जर, मखमली कागद आणि टिकल्यांसाठी बोहरी आळी. तिथे गाडी लावायला जागा मिळाली तर तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवण्याजोगा. दुकानदार ग्रोसशिवाय बोलत नाही. ग्रोस म्हणजे 144 नग. मला मोरपंखी टिकल्या वीस-पंचवीस हव्या असतात. "घेऊन ठेवा ताई, पुढच्या वर्षी लागतील." पुढच्या वर्षी मोरपंखी कोणाला नको असते, सगळ्यांना राणी कलर हवा असतो. माझ्या माळ्यावर अशी अनेक पुढची वर्षं खोक्यांत भरून ठेवलेली आहेत.

घरातला खरा शत्रू मुंगी. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवून ठेवले तरी ती येते. कुठून येते ते शोधायला मी टॉर्च घेऊन ओणवी होते तेव्हा ती वरून, पडद्याच्या दोरीवरून उतरत असते. आणि तिला फिनिशिंग कळतं. ओबडधोबड बांगडीला ती तोंड लावत नाही, सगळ्यांत सुबक झालेल्या हाराचंच पदक धरते. दुसऱ्या शत्रूला मी शत्रू म्हणू शकत नाही, कारण त्या आमच्या आई, म्हणजे सासूबाई आहेत. येता-जाता "बघू, काटा नीट आलाय का" म्हणून एक दाणा तोंडात टाकणे ह्याला त्या तपासणी म्हणतात. एका कंबरपट्ट्याची तपासणी इतकी कसून झाली की शेवटी तो बाजूबंद म्हणून विकावा लागला.

गिऱ्हाइकांचं मात्र मला कौतुक वाटतं. नव्या सुनेचा पहिला सण असतो, काळी साडी घेतलेली असते, फोटोग्राफर ठरलेला असतो, आणि दागिन्यांची आठवण 14 जानेवारीच्या आदल्या रविवारी होते. सुनेचा संच ठरायला दहा मिनिटं लागतात. खरी चर्चा जावयाची. पूर्वी त्याला हलव्याचा हार, नारळ आणि गुच्छ दिला की तो गप्प बसायचा. आता सासूबाईंचा मेसेज येतो, "जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत, काहीतरी वेगळं हवं." मी लॅपटॉप केला. पांढऱ्या हलव्याची चौकट, काळा कागद, कीबोर्डला तीळ. जावयाने तो हातात घेऊन पहिलं काय विचारलं असेल? चार्जर.

बोरन्हाणाची गिऱ्हाइकं त्याहून अवघड, कारण तिथे दागिने घालणाऱ्याला दात येत असतात. मुकुट डोक्यावर ठेवला की तो ओढून काढायचा आणि बासरी हातात दिली की ती तोंडात घालायची, एवढंच त्याला समजतं. बासरी तोंडात घालायचीच वस्तू आहे, तेव्हा चूक त्याचीही नाही. फोटो निघेपर्यंत कृष्णाच्या हातात काडी उरते. एका आजीने संध्याकाळी फोन करून सांगितलं, "अहो, बासरी फार टिकाऊ नव्हती." मी म्हटलं, "आजी, ती साखरेची होती." "ते कळलं हो, गोडही चांगली होती. पण टिकाऊ नव्हती."

किमतीच्या बाबतीत मात्र कौतुक आवरतं घ्यावं लागतं. संचाची किंमत सांगितली की बाई लगेच हिशेब मांडते: हलवा किलोला इतका, तुमच्या संचात असेल पाव किलो, पुठ्ठा तर लग्नपत्रिकेचा वाटतोय, म्हणजे झाले किती? तिच्या हिशेबात माझी बोटं, पाठ आणि चष्म्याचा वाढलेला नंबर ह्यांना शून्य भाव असतो. ह्याच बाई लक्ष्मी रस्त्यावर सोन्याची मजुरी टक्क्यांत देऊन येतात आणि वर पेढीवर चहा मिळाला म्हणून खूश असतात. तिथे कोणी म्हणत नाही की सोन्याचा भाव तर हा, मग वरचे कशाचे? सोनार बहुधा दागिन्यांच्या शेजारी बसून घरचा कांदा चिरत नाही, म्हणून असेल.

त्यावर कडी म्हणजे, "भाड्याने देता का?" भाड्याने देणारे पुण्यात आहेत, त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. मी एकदाच एका मैत्रिणीला भाड्याने दिले होते. हार परत आला तेव्हा त्याची पोत झाली होती. "काही नाही गं, थोडा सैल होता," ती म्हणाली. तिच्या धाकट्याच्या ओठाला साखर होती.

भाचा सीए करतोय. त्याने एकदा माझ्या धंद्याकडे शास्त्रीय नजरेने पाहायचं ठरवलं. "मामी, तू नक्की काय विकतेस? खोटे दागिने म्हटले तर जीएसटी 3 टक्के. मिठाई म्हटली तर दर वेगळा, वर अन्न परवाना." मला घाम फुटला. मग त्याने धीर दिला, "पण वर्षाला 40 लाखांच्या वर माल विकलास तरच नोंदणीचा प्रश्न." स्वयंपाकघरातून आईंच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

पण प्रश्न बरोबर होता, हे कुरिअरच्या दुकानात कळलं. बाणेरच्या एका काकूंची सून न्यू जर्सीत. पहिली संक्रांत तिथेच, म्हणून संच तिकडे पाठवायचा. माझ्यावर विश्वास नसल्यामुळे आईही सोबत. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "आत काय आहे?"

"दागिने."

त्याने हात मागे घेतला. "मौल्यवान वस्तू आम्ही घेत नाही मॅडम."

"मौल्यवान नाहीत. साखरेचे आहेत." हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या धंद्याबद्दल, रांगेतल्या लोकांसमोर बोलले.

"म्हणजे खाऊ." तो टाइप करायला लागला. "घटक?"

"साखर, तीळ, खसखस..." इतक्यात मागच्या गृहस्थांनी सांगितलं की खसखस अफूच्या बोंडातून येते, तेव्हा जरा जपून. माझी जीभ टाळ्याला चिकटली. "साबुदाणा," मी म्हटलं. "ह्यात फक्त साबुदाणा आहे." खरोखरच होता, देवाची कृपा.

"एक एक आयटम सांगा."

"मुकुट. बाजूबंद दोन. मंगळसूत्र."

"मंगळसूत्र, एक नग. एक्स्पायरी?"

आईंनी इतका वेळ पर्स छातीशी धरून सगळं ऐकून घेतलं होतं. "मंगळसूत्राची एक्स्पायरी विचारतोस? लिही, सात जन्म."

"आजी, सिस्टीम तारीख मागते."

मग फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर रांगेतल्या सगळ्यांनी मतं दिली. एका बाईंच्या मते हलवा वर्षभर टिकतो, त्यांच्या सासूबाईंनी कोणाला तरी तीन वर्षांपूर्वीचा दिला होता. त्या मुलाला काही पटेना. शेवटी आईंनी पर्समधून पुडी काढली. माझ्या ठुशीचे उरलेले दाणे त्या बाहेर जाताना सोबत ठेवतात, हे मला तेव्हा समजलं. "हे घे. खा आणि मग काय ती तारीख टाक."

त्याने दोन दाणे तोंडात टाकले, थोडा वेळ चघळले आणि 'शोभेची खाद्यवस्तू' असं लिहून पुढची तारीख टाकली. पावती फाडून देताना त्याचा आवाज एकदम घरगुती झाला.

"मॅडम, माझ्या बहिणीच्या बाळाचं बोरन्हाण आहे. मुकुट, बासरी, सगळं करता ना तुम्ही?"

"करते की."

"मग भाड्याने किती?"