निवृत्त हवालदार, चर्च आणि गाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील एका निवृत्त हवालदारांवर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. सैनिकाचे कर्तृत्व सीमेवर संपते, पुढची वर्षे चर्चमध्ये घालवली याचे कौतुक कशाला, असे आपण विचारले आहे. ज्या चर्चच्या नावाने गोव्यात देवळे पाडली गेली तिच्या सेवकाचा गौरव मराठी वाचकांपुढे का, असा आपला दुसरा प्रश्न आहे. आणि ही सेवा अखेर त्यांच्या समाजापुरतीच होती, असा निष्कर्षही आपण काढला आहे. आपण तळमळीने लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे.

आधी इतिहास, कारण आपला राग तिथूनच येतो आणि तो मला परका नाही. सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला का न्यावी लागली, हे आमच्या घरात लहानपणापासून सांगितले जाई. आमचे कुलदैवत कवळ्याचेच. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, १५६० मध्ये आले आणि १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, टिकले. यातले काहीही झाकण्याची माझी इच्छा नाही. पण त्या अत्याचाराचा जाब या हवालदारांना, एका मुंडकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याच्या, मुलाला विचारणे मला न्याय्य वाटत नाही. त्याचे पूर्वज त्याच सत्तेखाली भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत राहत होते, आणि त्या घरावरचा त्यांचा हक्क कायद्याने पक्का व्हायला १९७५ चा मुंडकार कायदा यावा लागला. गावच्या चर्चमध्येही मान जमीनदार घराण्यांच्या कॉन्फ्रारीचा, म्हणजे चर्चमधल्या धार्मिक बंधुमंडळाचा, होता. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मिरवणुकीत कॉन्फ्रारीचा झगा घालून पुढे चालण्याचा अधिकार या कुटुंबाला कधीच नव्हता, आणि फौजेतून हवालदार होऊन परतल्यावरही तो मिळाला नाही. चर्चकडून त्यांना प्रतिष्ठा मिळाली, असे आपण लिहिता तेव्हा हे ध्यानात घ्यावे. त्यांनी मान मागितला नाही. गायकवृंद मागितला, कारण तो सांभाळायला कोणी तयार नव्हते.

संगीत त्यांना चर्चनेच दिले होते. पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेजिओ (स्वरलेखन वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवत, आणि त्या शिक्षणाच्या बळावर कितीतरी गोंयकार देशभरातल्या लष्करी बँडपथकांत गेले. आमचे हवालदारही गोवामुक्तीनंतर असेच भरती झाले, क्लॅरिनेटवादक म्हणून. बँडवाला म्हणजे सुखाची नोकरी, असा आपला सूर दिसतो. युद्ध सुरू झाले की बँडच्या जवानांना वाद्ये ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलावे लागतात. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पूर्व आघाडीवर त्यांनी तेच केले. शौर्यपदक त्यांना नाही. त्या युद्धासाठी सर्वांना मिळालेले संग्राम मेडल आणि पूर्व आघाडीवरच्यांना मिळालेला ‘पूर्वी स्टार’ तेवढे आहेत. दर १६ डिसेंबरला ते त्या युद्धातल्या साथीदारांसाठी मीस (चर्चमधली प्रार्थना) सांगतात, आणि पाद्रींच्या हातात दिलेल्या यादीतली बहुतेक नावे हिंदू आणि मुसलमान आहेत. सीमेवरचे कर्तृत्व आणि चर्चमधली वर्षे यांची फारकत त्या यादीपुढे मला करता येत नाही.

आज गावात त्यांनाच मेस्त म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात मोतेत (चर्चमधली भक्तिगीते) गायले जातात तेव्हा दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट आणि लॅटिन शब्द एवढ्यावर सगळे शांत अंगण भारून जाते; पण मला आवडतो तो त्याआधीचा तास. मुलांनी वाद्याला तोंड लावण्यापूर्वी क्लॅरिनेटचे सांधे सुटे करायचे, आतून फडके ओढून ओल टिपायची, रीड (फुंकताना कंप पावणारी वेताची पट्टी) उजेडात धरून चीर पाहायची, ही फौजेची शिस्त ते अजून सोडत नाहीत. पावसाळ्यात दमट हवेने जुनी स्वरलेखने कुजतात, म्हणून त्यांनी ती हाताने पुन्हा उतरवून काढली आहेत.

आता समाजापुरत्या सेवेविषयी. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचा, बांध एका पावसाळ्यात फुटला त्या रात्री त्यांनी चर्चची घंटा वाजवली आणि लोक चिखल, पेंढा व दगड घेऊन धावले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादीच्या (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या) हातून जमीन कुळांकडे गेली, पण बांध आणि मानस (पाणी अडवणारे दरवाजे) यांची देखभाल बऱ्याच ठिकाणी कोणाचीच उरली नाही. खारे पाणी एकदा शेतात शिरले की कोरगुटासारखे खारवट जमिनीत तग धरणारे भातही हातचे जाते. त्या बांधाआड हिंदू कुळांची शेते होती तशी ख्रिस्ती कुळांचीही होती, आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या पाळ्या लावताना हवालदारांनी वाड्यांची नावे घेतली, धर्मांची नाही.

नोव्हेंबर महिना तर आपण येऊन पाहावा. हयातीच्या दाखल्यासाठी माजी सैनिकांच्या विधवा आणि इतर पेन्शनवाल्या म्हाताऱ्या बाया चर्चच्या पडवीत त्यांच्याकडे येतात. डिजिटल दाखला आल्यापासून निराळीच अडचण झाली आहे : जन्मभर लावणी-कापणी केलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. अशा वेळी ते बोट कोमट पाण्यात बुडवून पुसतात, दुसरे बोट लावून पाहतात, आणि तरीही जमले नाही तर कागदी अर्ज भरून त्या बाईला सहीसाठी स्वतः अधिकाऱ्याकडे घेऊन जातात. त्या बायांबरोबर, कपाळाला कुंकू लावून सासूबाईंना घेऊन आलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. पडवी चर्चची आहे म्हणून कोणी बाहेर थांबत नाही.

आपल्या आक्षेपांनंतरही मूळ लेख आहे तसाच ठेवत आहे. कॉन्फ्रारीच्या मानापमानाविषयी त्यात लिहायला जागा नव्हती. आपण विषय काढल्यामुळे ते इथे मांडता आले, त्याबद्दल आपला आभारी आहे.